एकाच कंदाचे दोघे

आमच्या विभागप्रमुखांनी मला फसवलं, आणि मी असीरगढच्या पायथ्याशी केळी लावणाऱ्या दोन भावांना फसवलं. थोरला त्यात गेला. धाकटा आहे, पण किती दिवस असेल ते त्याचं रक्त तपासल्याशिवाय मला सांगता येत नाही, आणि तो सुई टोचू देत नाही.

मी रक्ताच्या कर्करोगाची डॉक्टर आहे. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात रोगी बघते आणि वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, हा रोग काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या का उतरतो ते शोधते. महिन्यातले दोन रविवार बुऱ्हाणपूरला येऊन इतवारा बाजारातल्या एका खोलीत दवाखाना चालवते, कारण माझं गाव हे आहे. याच इतवाऱ्यात माझी आई भाजी विकायची. शाळेतून आले की मी तिच्या शेजारी पोत्यावर बसायचे. भाव करायला मी तिथे शिकले आणि मारायलाही तिथेच. एका गिऱ्हाइकाने वांगी निवडता निवडता माझी वेणी ओढली, तेव्हा मी अर्ध्या किलोचं वजन उचलून त्याच्या बोटांवर हाणलं. तो बोंबलत खाली बसला. आईने आधी माझ्या कानफटात दिली आणि मग त्याला विचारलं, "भाऊ, वांगी घ्यायची का नाही?"

पुढे शिष्यवृत्ती मिळवली, डॉक्टर झाले, परदेशात जाऊन जनुकांचं शास्त्र शिकून आले. स्वभाव तोच राहिला. औषध कंपनीचा माणूस माझ्या खोलीत येतो तो घाम पुसत बाहेर जातो. प्रशासनाकडून शीतकपाट हवं असेल तर मी दोन मागते, म्हणजे एक मिळतं. या खुबीचा मला गर्व होता. तोच गर्व त्या घराला नडला.

थोरला इतवाऱ्यातल्या दवाखान्यात आला तो तोंडावर पंचा धरून. हिरड्यांतून दोन दिवस रक्त येत होतं. पंचा काढला तेव्हा दात दिसत नव्हते, सगळं तोंड लाल. तिशीतला उंच, रुंद खांद्यांचा माणूस. सोबत धाकटा भाऊ आणि आई. आईला घरात सगळे माय म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. तपासणी झाली. रक्ताचा तीव्र कर्करोग. मी नेहमीसारखं विचारलं, घरात आधी कुणाला असं काही?

"याचा बाप नाकातून रक्त येऊनच गेला," माय म्हणाली. "नी त्याची बहीण. तिचं रक्त पांढरं झालं म्हने."

ते ऐकून मी पेन खाली ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी आनंद झाला. असं घराणं मी सहा वर्षं शोधत होते.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. घरातल्या सगळ्यांचं रक्त हवं होतं. माय ओट्यावर पाय पसरून बसली होती.

"तू आमचं रक्त नेशील. आमाले काय देशील?"

"जे सापडेल ते सांगेन."

"कोनाले?"

"तुला."

"आधी मले. मंग दुनियेले." तिने माझा हात ओढून आपल्या पदराखाली घेतला. बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात, तसं तिने माझं एकच बोट घट्ट दाबलं. एकच अट. मी तिचं बोट उलट दाबलं. सौदा पक्का झाला. धाकटा हसला. "मॅडम, मायनं बैल घेतला."

थोरल्याला शहरात आणलं. पहिल्या औषधांनी रोग मागे हटला, पण असा रोग परत येतो. खरा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या हाडातला मगज घालणं. त्यासाठी खाट हवी होती आणि खाटांची रांग लांब होती. मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांना माझ्या या घराण्याबद्दल कळलेलं होतं. ते म्हणाले, खाट देतो, रोग्याला एक पैसा लागणार नाही, पण या घराण्याचे सगळे नमुने आणि निकाल माझ्याकडे राहतील. मी अर्धा तास भांडले. शोधनिबंधावर माझं नाव पहिलं राहील हे कबूल करून घेतलं. मग मी हो म्हणाले. त्या दिवसापासून त्या घराचे निकाल त्यांच्या संगणकावर येऊ लागले आणि ते उघडण्याची परवानगी मला राहिली नाही. खाट मिळाली म्हणून मी जिंकल्यासारखी जिना उतरले.

धाकट्याचा मगज थोरल्याशी तंतोतंत जुळला. सख्ख्या भावंडांतही असं दर वेळी जुळत नाही. मी खूष होते. त्याच्या रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, जरा कमी होत्या. मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता असं तो म्हणाला. मी मान हलवली. ती मान मी हलवायला नको होती.

मग दात्याच्या बाकीच्या तपासण्यांचा कागद आला आणि धाकट्याने तो वॉर्डातल्या माझ्या टेबलावर आपटला.

"मॅडम, ये क्या है? हे तीन अक्षर मी वाचतो. माझ्या अंगात सीएमव्ही आहे?"

शहरातला डॉक्टर हे ऐकून गोंधळला असता. मी बुऱ्हाणपूरची, मला लगेच कळलं. केळीवर एक रोग येतो, त्याला जुनी माणसं हरण्या म्हणतात आणि आता सगळी केळीवाली माणसं सीएमव्ही म्हणतात. पानावर पिवळे पट्टे पडतात, मधला पोंगा, म्हणजे न उलगडलेलं कोवळं पान, सडतो. त्याला औषध नाही. झाड मुळासकट उपटायचं आणि गाडायचं, नाहीतर सगळी बाग जाते. दोन वर्षांपूर्वी या भावांनी स्वतःच्या हातांनी अख्खी बाग उपटली होती. इंग्रजी न येणाऱ्या या घराला ती तीन अक्षरं मात्र पक्की ठाऊक होती.

माय खुर्चीवरून उठली. "याले सीएमव्ही असन तर याचा मगज माह्या थोरल्यात घालू देनार नाई."

मी हसले. मोठ्याने हसले, शेजारच्या टेबलावरची परिचारिकाही हसली. मग मी समजावलं की माणसाचा सीएमव्ही वेगळा आणि केळीचा वेगळा, फक्त अक्षरं सारखी. आपल्याकडे जवळपास प्रत्येकाच्या अंगात तो असतो, माझ्याही आहे, तुझ्याही असेल. त्यावर औषध आहे.

"मी केळ नाही ना मग?" धाकटा म्हणाला.

"तू गाढव आहेस," थोरला खाटेवरून म्हणाला. केस गळून त्याचं डोकं गुळगुळीत झालं होतं, पण त्या दिवशी तो पोट धरून हसला.

माय हसली नाही. "अक्षरं राहू दे," ती म्हणाली. "हरण्या आलेल्या बागातला कंद आमी दुसरीकडे लावत नाई. झाड वरून हिरवंगार दिसलं तरी नाई. हे दोघं एकाच कंदाचे. रोग यांच्या बापात व्हता, आत्यात व्हता, थोरल्यात निघाला. धाकट्यात नाई कशावरून?"

हा बरोबर प्रश्न होता. माझ्या शास्त्रातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तिने विचारला होता. घराण्यातून उतरणारा दोष दात्यातही असेल तर त्याचा मगज रोग्याला द्यायचा नसतो, हे मला पाठ होतं. पण मी सीएमव्हीवर हसण्यात गुंतले होते, ती अजून त्याच चुकीवर अडून बसली आहे असं मला वाटलं. माझा पारा चढला. मी म्हटलं, थांब, तुझ्यासमोर विचारते. विभागप्रमुखांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"सर, धाकट्या भावाचा निकाल आला का? थोरल्याच्या जनुकात जो दोष सापडला तो याच्यात आहे?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "काही नाही त्यात. स्वच्छ आहे. पुढे जा."

"ऐकलंस?" मी मायला म्हटलं.

"साहेब म्हनतो तर ठीक," ती म्हणाली आणि खाली बसली.

मगज देण्याआधी काय करतात ते लोकांना माहीत नसतं. रोग्याचा स्वतःचा मगज आधी मारावा लागतो. चार दिवस आम्ही थोरल्याच्या शिरांतून विष सोडलं. त्याच्या तोंडाची आणि घशाची साल निघाली. थुंकी गिळता येईना, तेव्हा तो ती पातेल्यात सोडायचा, त्यात चामडीचे तुकडे असायचे. पोटातून रक्त जायचं. एकदा त्याने माझी कॉलर धरून मला खाली ओढलं. आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलले. मार, असं तो म्हणत होता. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. मग धाकट्याला भूल देऊन पालथा झोपवला आणि त्याच्या कमरेच्या हाडात जाड सुया घुसवून मगज ओढून काढला. हाडाला सुई लागली की करकर आवाज येतो. मला त्याची सवय आहे. संध्याकाळी ती लाल पिशवी थोरल्याच्या खाटेवर लटकली आणि धाकटा कंबर धरत, वाकून, दारातून म्हणाला, "दादा, आता तू माझ्यासारखा गाढव होशील."

पेशी वाढल्या, पण कमजोर. प्लेटलेट कधी सरळ झाल्याच नाहीत. सातव्या महिन्यात रक्तात पुन्हा वाईट पेशी दिसल्या. जुना रोग उलटला असं मी धरून चालले होते. पण त्या पेशी कुणाच्या हे तपासलं तेव्हा थोरल्याची एकही निघाली नाही. सगळ्या धाकट्याच्या होत्या. धाकट्याच्या अंगात गप्प बसलेला दोष भावाच्या अंगात जाऊन उसळला होता.

मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. ते नव्हते. संगणकाचं काम बघणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे, त्याला बसवून मी निकाल उघडायला लावला. धाकट्यात दोष होता, ठळक, शंकेला जागाच नाही. हा निकाल पहिल्यांदा कधी उघडला तेही तिथे दिसतं. माझ्या त्या फोनच्या अकरा दिवस आधी.

ते आले तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीत बसले होते.

"तुम्ही स्वच्छ म्हणालात."

"तो संशोधनाचा निकाल होता," ते म्हणाले. "रोग्याच्या कागदांत जाणारा नव्हता. पक्का व्हायचा होता."

"मग 'पक्का व्हायचाय' म्हणायचं. स्वच्छ का म्हणालात?"

"सांगितलं असतं तर तू प्रत्यारोपण थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं!"

"आणि दुसरा दाता? नोंदणीतून शोधायला दोन महिने. तोवर तो टिकला असता याची खात्री देतेस?"

"तो निर्णय माझा होता. त्याच्या आईचा होता."

"आवाज खाली," ते म्हणाले. "तुझं नाव पहिलं आहे ना निबंधावर? बास मग."

मी दोन्ही मुठी त्यांच्या टेबलावरच्या काचेवर आपटल्या. पहिल्यांदा फुटली नाही, दुसऱ्यांदा फुटली. डाव्या तळव्यात तुकडा शिरला, सात टाके पडले. त्यांच्या अंगाला मी हात लावला नाही. हे मी चांगुलपणा म्हणून लिहीत नाही. मधे टेबल होतं.

थोरला दोन दिवसांनी गेला. डोक्यात रक्तस्राव झाला. तो बोलत असताना अर्धं वाक्य सुटलं, हात पाय ताठ झाले, दात जिभेत रुतले आणि खाटेचा लोखंडी दांडा त्याच्या झटक्यांनी भिंतीवर आदळत राहिला. चार जणांनी धरूनही तो आवरला नाही. धाकटा दारात उभा राहून हे सगळं बघत होता.

मी त्याला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ते देह घेऊन निघून गेले. नंतर धाकटा माझा फोन उचलेना. त्याच्यात तोच दोष आहे, त्याला तपासायला हवं, हे समोर बसून सांगायचं होतं आणि तो भेटायला येत नव्हता. म्हणून मी दहाव्याला राजघाटावर गेले.

तापीचं पाणी पायऱ्यांना लागून होतं. पुरुष खाली, बायका वरच्या पायऱ्यांवर. धाकट्याची हजामत नुकतीच झाली होती. मला पाहून तो ओल्या धोतराने वर आला.

"आता काय घ्यायला आलीस?"

"तुझं रक्त तपासायचंय."

हे माझ्या तोंडून असं निघालं. दुसरं वाक्य बोलायला त्याने वेळच दिला नाही. माझा गळा धरला आणि मला ढकलत पाण्यापर्यंत नेलं. पाठ पायरीच्या कोपऱ्यावर आपटली, डोकं पाण्यात गेलं, नाकातोंडात पाणी शिरलं. मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून नखं रुतवली, गुडघा त्याच्या पोटात मारला. लोक धावले. पाण्यातून डोकं वर आलं तेव्हा मायचा आवाज ऐकू आला. ती जागची उठलीही नव्हती.

"सोड रे तिले. मेली तर सांगन कोन?"

त्याने सोडलं. मी खोकत, ओकत पायरीवर बसले. तो समोर धापा टाकत उभा होता आणि त्याच्या मनगटावर माझी पाचही बोटं उमटली होती. लाल नव्हे, जांभळी. भोवती टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके भराभर उठत होते. सशक्त माणसाच्या हातावर असं उठत नाही.

"हात दाखव," मी म्हटलं.

"अजून मारू का?"

"मार. पण आधी हात दाखव."

मग मी सांगितलं. तिथेच, भटजी आणि सगळी भावकी ऐकत असताना. दोष तुझ्यातही होता, निकाल आला होता, माझ्या साहेबाने दडवला, आणि मी खात्री न करता तुझा मगज त्याला दिला. फोनवरचा तो आवाज तुम्ही ऐकलात ना, तो खोटं बोलत होता.

धाकटा खालच्या पायरीवर बसला.

"म्हणजे माझ्या मगजानं मेला तो. मीच मारला त्याले."

"तू नाही."

"मीच." आणि त्याने खाली वाकून कपाळ पायरीच्या दगडावर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा दोघांनी मागून ओढला तेव्हा भुवईवर खाच पडली होती आणि रक्ताची धार लागली होती. मी माझी ओढणी गोळा करून दाबून धरली. थांबेना. हजामत करणाऱ्या न्हाव्याने पेटीतून तुरटीचा खडा काढून दिला, तो पाण्यात बुडवून मी जखमेवर घासला. तो माझ्या हाताखाली किंचाळत होता, शिव्या देत होता, पण हलला नाही. रक्त आटोक्यात यायला पाऊण तास लागला. पिंड तोवर तसेच राहिले.

माय शेजारी येऊन उकिडवी बसली. "आधी मले सांगशील म्हनली व्हतीस," ती म्हणाली.

"हो."

"दुनियेसमोर सांगितलंस."

माझ्या वाट्याचा दोष मी तिच्यासमोर कबूल केला. त्याची शिक्षा म्हणून ती मला जे म्हणते ते मी ऐकून घेते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्या आठवड्यात धाकट्याने विळा घेऊन घड लागलेली झाडं कापायला घेतली. दुपारपर्यंत दोन ओळी आडव्या झाल्या. मायनं अडवलं नाही. मी बांधावर उभी होते. त्याच्या हातापायांवर ओरखडेच ओरखडे आणि प्रत्येकातून रक्त पाझरत होतं. त्याच्या मुलीला, ती चार वर्षांची आहे, तिलाही दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं असं तिची आई माझ्या कानात म्हणाली. मी त्याला म्हटलं, तुझं आणि मुलीचं, दोघांचं रक्त दे. लवकर कळलं तर मी काहीतरी करू शकते. या वेळी बाहेरचा दाता शोधू, घरातला नाही.

त्याने विळा खांद्यावर टाकला. "तुमचं मी आता ऐकणार नाही, मॅडम. तुम्ही खोटं बोलल्या नाहीत, मानतो. पण तुम्हालाही माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं, त्यानं इथं यावं. माझ्या डोळ्यात बघून सांगावं की स्वच्छ का म्हणाला. मग जितकं पाहिजे तितकं रक्त काढा. त्याच्याशिवाय माझ्या पोरीला कुणी सुई लावली तर हात तोडीन."

मी भाव करून पाहिला. त्याने पत्र लिहावं, चालेल? नाही. फोनवर बोलावं? "फोनवरच तर बोलला होता." मुलीचं एकटीचं रक्त दे, तुझं राहू दे? नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यापुढे एका पैनेही भाव उतरवला नाही.

म्हणून हे लिहिते आहे, सर, तुम्हालाच; वर ज्यांना विभागप्रमुख म्हटलं ते तुम्ही. मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला तुमच्या कार्यालयाचं उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. निबंधावरचं माझं नाव मी काढून घेतलं आहे, तुमचं पहिलं घाला, मला त्यात रस नाही. रुग्णालयाच्या चौकशी समितीसमोर काय बोलायचं ते वकिलाला विचारून बोला. मला तुम्ही बुऱ्हाणपुरात हवे आहात. असीरगढच्या पायथ्याशी एका घरात पस्तिशी न गाठलेला एक माणूस आणि चार वर्षांची एक मुलगी तुमच्या एका वाक्यासाठी अडली आहेत, आणि त्या दोघांच्या मगजात आज काय चाललं आहे ते कुणाला माहीत नाही. कोणताही रविवार सांगा, मी स्टेशनवर घ्यायला येते. तो तुम्हाला मारेल का? मारेल कदाचित. मला मारलं, मी जिवंत आहे. या, त्याच्या समोर उभे राहा आणि सांगा: निकाल अकरा दिवस तुमच्याकडे होता, तरी तुम्ही स्वच्छ का म्हणालात?